बोहरी आळीतली गुलाबी पावडर: सिरियम ऑक्साइड, अर्धा किलो

निवृत्तीनंतर सहा इंची आरसा घासायला घेतला, तेव्हा ह्यांनी विचारलं, "दुर्बीण विकत मिळत नाही का?" मिळते. पण मला स्वतःच्या हातच्या आरशातून शनी बघायचाय. कार्बोरंडमच्या, म्हणजे काच घासायच्या कडक पावडरीच्या, भरड ते बारीक अशा सहाही पायऱ्या बाल्कनीत पार पडल्या, काच दुधाळ झाली. आता तिला चकाकी आणायला हवं सिरियम ऑक्साइड.

आधी ऑनलाइन एक पांढरं, स्वस्त पाकीट मागवलं होतं. त्यात रव्यासारखे कण. पंधरा मिनिटांत आरशावर तीन ओरखडे, आणि मी पुन्हा 400 नंबरच्या कार्बोरंडमवर. दोन शनिवार वाया.

मग बोहरी आळी गाठली. तीन दुकानांत "काय ऑक्साइड?" असं ऐकलं. चौथ्यात म्हातारे दुकानदार म्हणाले, "काचवाल्यांची पॉलिश पावडर म्हणा ना ताई!" अर्धा किलो, 480 रुपये. घासाघीस केली नाही. घरी जाऊन तेच करायचं होतं.

पिशवी उघडली तर रंग विटकरी-गुलाबी. शुद्ध सिरियम ऑक्साइड फिकट पिवळसर असतं, त्यामुळे भेसळीची शंका आलीच. पण हा रंग मुख्यतः प्रासिओडिमियमचा, म्हणजे सिरियमच्याच एका भाऊबंद धातूचा. हे दुर्मिळ मृदा धातू खनिजात एकत्र कुटुंबासारखे राहतात. त्यांची वाटणी करणं खर्चिक, आणि काचेला तिची गरजही नाही. 'दुर्मिळ' तरी कसलं म्हणा! पृथ्वीच्या कवचात सिरियम साधारण तांब्याइतकं आहे, केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतसुद्धा आहे. आमच्या लहानपणी वरातीत डोक्यावरून जाणाऱ्या गॅसबत्त्यांच्या जाळीतही, थोरियमच्या जोडीला, एखादा टक्का हेच असायचं.

पावडर पाण्यात पातळ ताकासारखी कालवली, पिचच्या लॅपवर, म्हणजे डांबरासारखा थर दिलेल्या घासायच्या तबकडीवर, लावली. अर्ध्या तासात मधला भाग उजळला, सात तासांत कडेपर्यंत आरपार दिसायला लागलं. एक ओरखडा नाही. ही पावडर काच नुसती खरवडत नाही. पाण्याने मऊ झालेल्या वरच्या थराशी तिचे कण रासायनिक बंध जोडतात आणि तो थर कणाकणाने उचलून नेतात. म्हणून जोर लावायचा नाही. मी पहिल्या दिवशी लावला. खांदे धरले, बाकी काही नाही.

मला भावलं ते नाव. 1801 मध्ये सेरेस हा लघुग्रह सापडला. दोनच वर्षांनी स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर आणि जर्मनीत क्लाप्रोट यांना हे नवं द्रव्य सापडलं, आणि त्याला सेरेसवरून नाव मिळालं. शुद्ध धातू हाती यायला मात्र 1875 उजाडलं. म्हणजे आकाशातल्या पाहुण्याचं नाव लावलेली पावडर मी आकाश बघण्यासाठीच चोळतेय!

तक्रारी आहेत. पिशवीवर कणांचा आकार लिहिलेला नाही, सगळा विश्वास दुकानदारावर. बेसिनवर गुलाबी डाग पडतात आणि वाळले की घासूनच काढावे लागतात (मी नाही, ह्यांनी काढले). कोरडी पावडर उडते, तेव्हा मास्क लावा. आणि कार्बोरंडमच्या डब्याशेजारी ती अजिबात ठेवू नका. एक भरड कण आत गेला की संपलं.

निम्म्याहून जास्त उरलीये. परवा ह्यांनीच चमचाभर मागून घेतली. घड्याळाच्या काचेवरचे बारीक चरे गेले, खोल एक तसाच आहे.