निळ्या दिव्याखाली गेलेले १८,९०० रुपये

नोंदणीचे १००, ‘स्किन स्कॅन’चे १,८००, तीन महिन्यांच्या पुड्यांचे १४,४०० आणि मलमाच्या चार डब्यांचे, डब्याला ६५० प्रमाणे, २,६००. एकूण १८,९००. त्यातले १४,४०० फोनवरून गेले, ४,५०० रोख. आणि हे सगळं नायट्यासाठी! तो ओळखायला काचेची एक पट्टी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब आणि साधा मायक्रोस्कोप पुरतो.

लिहायला लाज वाटते, कारण मी औषध दुकानात काउंटरवर काम करतो. पैसे थोरल्या भावाचे गेले, पण सोबत मी होतो.

निपाणी भागातल्या एका मंगल कार्यालयातलं त्वचारोगाचं शिबिर. गावोगाव फिरणारी भोंग्याची रिक्षा, पांढरे कोट, ‘आजच्या दिवसापुरती’ सवलत, हे सीमाभागात कुणाला नव्यानं सांगायला नको. म्हणून थेट त्या दिव्याचं सांगतो, कारण फसवणूक तिथं झाली आणि ती पकडता येणारी होती.

त्यांनी कमरेवरच्या चट्ट्यावर निळा-जांभळा दिवा धरला. चट्ट्याच्या कडेनं निळसर चमक दिसली. ‘हे रक्तातले जंतू, वर आलेत,’ असं सांगितलं. त्याच क्षणी दादाच्या बनियनची कड लख्ख निळी चमकत होती. कमरेचा पांढरा दोरा चमकत होता. तपासणाऱ्याच्या कोटाची बाही चमकत होती. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. कपडे धुण्याच्या पावडरीतली उजळपणा आणणारी रसायनं अतिनील प्रकाशात अशीच चमकतात. कोटाच्या बाहीत कुठलं रक्त? एवढा एक प्रश्न तोंडातून निघाला असता तर १८,८०० वाचले असते.

तो दिवा खोटा नसतो, त्याचा वापर खोटा होता. वूड्स लॅम्प म्हणतात त्याला. सुमारे ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश, खोली पूर्ण अंधारी, आणि डॉक्टरांचे डोळे त्या अंधाराला सरावलेले. कोडाचा डाग त्याखाली खडूसारखा पांढराशुभ्र उठून दिसतो. शिब्याचे डाग पिवळसर दिसतात. जांघेतला किंवा काखेतला एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूसंसर्ग पोवळ्यासारखा लालसर चमकतो. पण अंगावरचा, जांघेतला आपल्याकडचा नेहमीचा नायटा या दिव्याखाली बहुधा चमकतच नाही. डोक्यातल्या काही बुरशा हिरवट दिसतात, तेवढंच. उलट कपड्याचे तंतू, साबणाचा अंश, अंगावरचं मलम हे सगळं चमकतं. दादानं आदल्या रात्री सॅलिसिलिक अॅसिड असलेलं मलम लावलं होतं, ते निळं चमकतं. वर हॉलचे पडदे अर्धे उघडे, दुपारचं ऊन आत. असल्या उजेडात त्या दिव्यानं काही ठरवता येत नाही.

खरी तपासणी यंत्रापासून सुरू होत नाही, प्रश्नांपासून होते. कधीपासून आहे? रात्री खाज वाढते का? घरात आणखी कुणाला आहे का? आतापर्यंत काय काय लावलं? घरातल्या चौघांना रात्री खाज आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ, म्हणजे आधी खरजेचा संशय. मग नुसता दाखवलेला चट्टा नाही, सगळं अंग उजेडात बघतात. टाळू, नखं, तोंडाच्या आतली बाजू, जांघ. लाली काचेखाली दाबून बघतात: पांढरी पडली तर रक्त वाहिन्यांतच आहे, पडली नाही तर रक्त बाहेर झिरपलंय. नायट्याचा संशय असेल तर चट्ट्याच्या मधून नाही, वाढत्या कडेवरून बोथट पात्यानं कोंडा खरवडतात. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात (नखाच्या तुकड्याला २० टक्के) आणि दहा-वीस मिनिटं थांबतात. पेशी विरघळतात, बुरशीचे फांद्या फुटलेले धागे उरतात. त्याआधी बुरशीवरचं मलम लावलेलं असेल तर कधीकधी धागे सापडत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून तपासणीला जाताना जुन्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, लाजू नका. नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर जागा बधिर करायला लिग्नोकेन टोचून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, बायोप्सीला. ‘रक्तशुद्धी’ नावाची तपासणी यात कुठेच येत नाही.

सगळ्यात संताप याचा येतो की त्याच रांगेत फिकट डाग असलेली माणसं होती. सगळ्यांना दिवा दाखवून ‘कोड’ सांगितलं, पुड्या दिल्या. एकाच्याही डागावर कापसाचा बोळा फिरवून ‘डोळे मिटा, लागतंय का सांगा’ असं विचारलं नाही. कोपरामागची मज्जातंतूची शीर चाचपली नाही. फिकट डाग बधिर असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आणि उशीर झाला तर हाताची बोटं वाकतात. त्या माणसांचे महिने फुकट गेले असतील.

आता ‘मेडिकलवाल्याला कळलं नाही?’ म्हणणाऱ्यांना सांगतो. मलम लावल्यावर पाचव्या दिवशी खाज थांबली, लाली गेली. समोर माणूस बरा होताना दिसला की कोण शंका घेतं? मलमात स्टेरॉइड असलं की असंच होतं: दाह दबतो, बुरशी मात्र मोकळी वाढते. तीन आठवड्यांत नायटा कमर-मांडीवरून पोटावर आला, आणि तोही गोल कड हरवून, ओळखू न येण्यासारखा. जांघेत पांढऱ्या-लाल रेघा पडल्या. त्या आता जायच्या नाहीत. खरवडीत धागे भरभरून निघाले. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्रानं २०१८ साली नियम कडक केला. आमच्या डब्यावर तर औषधाचं नावसुद्धा नव्हतं. बॅच नंबर नाही, उत्पादन परवाना नाही, मुदत नाही. आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं छापावंच लागतं. दुकानात असा डबा आला असता तर मी हातात धरला नसता. तिथं मात्र धरला.

पुड्या घेणाऱ्यांनी लक्ष ठेवा. भूक अचानक वाढली, चेहरा सुजला, साखर चढली तर पोटात स्टेरॉइड जातंय असं समजा आणि आजच डॉक्टर गाठा. आठवडेच्या आठवडे घेत असाल तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, तेही अंगावर येतं.

तक्रारीचं ऐका. पहिल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हे आरोग्य खात्याचं. आरोग्य खात्यात म्हणाले, शिबिराला आम्ही परवानगीच दिली नव्हती, मग कारवाई कशावर करणार? परवानगी नव्हती हाच तर गुन्हा! औषध खात्यात बिल मागितलं. बिलावर पत्ता कागल बाजूचा. तिकडे गेलो तर म्हणाले, घटना कर्नाटकातली. इकडे परत आलो तर, विक्रेता महाराष्ट्रातला. मराठीतला अर्ज घेईनात, १५० रुपये देऊन कन्नडमध्ये टाइप करून घेतला. चार खेपा झाल्या, दर खेपेला ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. आजार आमचा, पैसे आमचे, हद्दीचा वाद मात्र त्यांचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्यानं नोंदवायचा असतो. मला हे तिसऱ्या खेपेनंतर कळलं. तुम्ही पहिल्याच खेपेला म्हणा, आणि लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेनं तर एका वाक्यात मिटवलं: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव मोबाइल अॅक्सेसरीच्या दुकानाचं आलं होतं. तेही वाचलं होतं आम्ही.

कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती भिंतीवर लावावी लागते. हॉलमध्ये तपासत असले तरी नोंदणी नंबर मागा. डॉक्टरचा वैद्यकीय परिषदेचा नंबर मागा. पांढरे डाग बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तसला भोंगा ऐकलात तर रेकॉर्ड करून ठेवा. आणि नायट्यासाठी बेळगावचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा. त्वचारोग विभाग आहे तिथं. रांग असते, पण खरवडून बघतात.

आमच्याकडे दीड डबा मलम आणि अकरा पुड्या शिल्लक आहेत. झाकण टेपनं बंद करून, तारीख घालून ठेवल्यात. तपासणीला अजून कुणी घेतलेल्या नाहीत. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी भागात पांढऱ्या प्लास्टिकचा, हिरव्या झाकणाचा, लेबल नसलेला तसा डबा ज्यांच्या घरात असेल त्यांनी तो अंगाला लावू नका, पण फेकूही नका. एका डब्याला दाद देत नाहीत. दहा जण एकाच दिवशी दहा डबे घेऊन टेबलावर ठेवू.