पोर्ट सैदला माझी बोट आलीच नाही

बोटीवर लावतो म्हणून एका एजंटाने माझ्याकडून साडेचार लाखांच्या आसपास रुपये घेतले आणि मला इजिप्तमधल्या, सुएझ कालव्याच्या तोंडावरच्या पोर्ट सैदला नेऊन सोडलं. बोट नव्हतीच. नुकतंच सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मिळालेल्या आणि फोनची वाट बघत घरी बसलेल्या पोरांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

जीपी रेटिंगचा, म्हणजे बोटीवरच्या साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स करून मी दीड वर्ष घरी होतो. आमचं गाव गुहागरच्या बाजूला. वाडीतले चार-पाच जण बोटीवर आहेत, त्यामुळे देवळात गेलं तरी "काय रे, कधी लागतोस?" हाच प्रश्न. बेलापूरच्या एका ऑफिसचा नंबर ओळखीतून मिळाला. वडील सोबत आले होते. तो माणूस मला नाही, त्यांनाच समजावत होता. "काका, २०२१ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन बोट अडकली होती, आठवतं ना? पंचवीसच्या पंचवीस पोरं आपली, भारतीय. पोर्ट सैदला आपली पोरं नेहमी चढतात-उतरतात." हे खरंच होतं, आणि म्हणूनच आम्ही फसलो. शहर खरं, कालवा खरा, तिथे क्रू बदलतात हेही खरं. त्या सगळ्यात खोटी एकच गोष्ट होती, माझी बोट.

तीन लाख ऐंशी हजार मागितले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे, व्हिसाचा खर्चसुद्धा बोटीच्या मालकाचा असतो, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तरी मी गप्प बसलो. "सगळेच देतात" असं तो म्हणाला आणि मला ते ऐकायचंच होतं.

२०२३च्या जानेवारीत निघालो. व्हिसा पर्यटकाचा होता. "विमानतळावर विचारलं तर फिरायला आलोय सांग, सीडीसी बाहेर काढू नकोस," असं बजावून पाठवलं. इथेच मागे फिरायला हवं होतं. बोटीवर चढणाऱ्या माणसाला कसलंच लपवायचं नसतं. त्याच्याकडे करारपत्र असतं, बंदरातल्या एजंटाचं हमीपत्र असतं, आणि तो एजंट स्वतः त्याला घ्यायला येतो.

आम्हाला घ्यायला जो आला त्याने गाडीतच पासपोर्ट काढून घेतले. फेरीच्या धक्क्याजवळच्या एका लॉजवर आम्ही सहा जण, दोन खोल्यांत. रोज संध्याकाळी निरोप यायचा, "आजचा कॉन्व्हॉय चुकला, उद्या." हे पटायचं, कारण दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी खरोखरच बाहेर नांगर टाकून थांबतात आणि पहाटे रांगेने, म्हणजे कॉन्व्हॉयने, कालव्यात शिरतात. १९३ किलोमीटर पार करायला बारा ते सोळा तास लागतात. वेळ हुकली तर बोट दुसऱ्या दिवशीवर जाते. पण एकोणीस दिवस कुठली बोट थांबत नाही, हे सहा शिकलेल्या पोरांपैकी एकानेही मोठ्याने म्हटलं नाही.

पोर्ट सैदहून पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीला माणसांना तिकीट नाही, म्हणून दिवसभर तीच. कालवा प्राधिकरणाच्या इमारतीचे तीन हिरवे घुमट मागे जायचे, डोक्यावर समुद्रपक्षी ओरडायचे, आणि बोटी इतक्या जवळून जायच्या की डेकवरच्या माणसाचं हेल्मेट दिसायचं. एकदा एकाने हात केला. मी खाली बघितलं. बंदराच्या तोंडाशी एक रिकामा चौथरा आहे. कालवा काढणाऱ्या लेसेप्सचा पुतळा त्यावर होता, तो लोकांनी १९५६मध्ये उडवला. तिथे बसून घरी फोन करायचो आणि "उद्या चढतोय" सांगायचो.

बाराव्या दिवशी आठशे डॉलर मागितले, बोटीपर्यंत नेणाऱ्या लाँचचे आणि कालव्याच्या कराचे म्हणून. कालव्याचा कर बोट भरते, खलाशी नाही. हे कळत असूनही भावाने पाठवले, कारण आधीचे पैसे बुडतील ही भीती होती. दुसऱ्यांदा पैसे जातात ते असे.

उलगडा केरळच्या एका फिटरमुळे झाला. वयाने मोठा होता, आम्ही त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचो. त्याने माझ्या नोकरीच्या पत्रावरचा आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, मागितला आणि सिगारेटच्या पाकिटावर गणित मांडलं. हा नंबर सात आकडी असतो. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरचा सातवा आकडा एकच यायला हवा. एव्हर गिव्हनचा नंबर ९८११०००. गुणाकार ६३, ४८, ५, ४ आणि दोन शून्यं, बेरीज १२०, शेवटी शून्य. बरोबर. माझी बेरीज आली १२७ आणि पत्रावर शेवटचा आकडा होता ४. चेट्टाने पाकीट माझ्या हातात दिलं. काहीच बोलला नाही.

त्याच रात्री आम्ही कैरोच्या भारतीय वकिलातीला फोन लावला. पासपोर्ट परत मिळायला चार दिवस गेले, तिकीट भावाने काढलं. तीस दिवसांचा व्हिसा संपायच्या आत निघालो एवढंच नशीब, नाहीतर दंडही आमच्याच डोक्यावर आला असता. बेलापूरच्या ऑफिसला कुलूप होतं. पोलिसात आणि डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याकडे, तक्रार दिली आहे. पैसे आलेले नाहीत. पाटल्या अजून सोडवतोय.

ऑफिसात जायच्या आधी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत त्यांचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना बघा. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम लावलेला कागद बघून समाधान मानू नका, माझ्याही डोळ्यांसमोर तशी फ्रेम होती.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक मुलगा पत्र घेऊन आला. मजकूर तोच, पोर्ट सैद तेच, फक्त बोटीचं नाव वेगळं. मी आधी नंबर गुणून पाहिला, तर तो बरोबर आला. आता ते खऱ्या बोटीचा नंबर टाकतात. मोबाईलवर शोधलं तर ती बोट त्या दिवशी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होती. यादीत परवाना शोधला, नव्हता. त्याच्या वडिलांनी काजूच्या पैशांतले दोन लाख बाजूला काढून ठेवले होते. ते अजून घरातच आहेत.