आरएक्स १००चा ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी हे वाचा

बाबांची १९९१ची यामाहा आरएक्स १०० या पावसाळ्यात मी लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली खोलली. कॉम्प्रेशन गेलं होतं. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, उतरवला तर बोअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या भोकात, नखाला लागेल अशी उभी रेघ. म्हणजे बोअरिंग करून, आतलं भोक मशीनवर थोडं मोठं करून, त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं आलं, आणि ते घरी होत नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी करत एका गल्लीतल्या वर्कशॉपला पोचलो. तिथल्या माणसाने ब्लॉक उलटा केला, पोर्ट, म्हणजे बोअरच्या भिंतीतली वायू जाण्यायेण्याची भोकं, बघितले आणि म्हणाला, "जपानचा माल आहे, भाऊ." अडीच हजार घेतले. पावती मागितली तर, "नेताना एकदमच देतो."

चार दिवसांनी ब्लॉक मिळाला, वर चकचकीत काळा रंग. घरी आत बोट फिरवलं तर पोर्टच्या कडा धारदार. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनवरच्या रिंगा सतत पोर्टवरून वरखाली जातात, त्यामुळे बोअरिंगनंतर त्या कडा घासाव्याच लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. घाईत राहिलं असेल म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि बॅटरीच्या उजेडात फिन, म्हणजे ब्लॉक गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, नीट दिसल्या.

आमचा ब्लॉक एकदा जाम झाला होता. तेव्हा मेकॅनिकने पेचकस घालून उचकटताना डावीकडच्या, वरून तिसऱ्या फिनचा कोपरा तुटला, बोटाच्या पेराएवढा. लहानपणी गाडी पुसताना माझं फडकं दर वेळी तिथेच अडकायचं. हातातल्या ब्लॉकच्या सगळ्या फिन अखंड होत्या.

परत गेलो. "तुमचाच आहे, रंगामुळे वेगळा वाटतो." रंगाने तुटलेली फिन भरून येत नाही, हे त्यालाही कळत होतं. पोलीस चौकीत शांतपणे ऐकून घेतलं, पण पुढे काय? इंजिन नंबर ब्लॉकखालच्या क्रँककेसवर असतो, आरसीवर तोच. ब्लॉकला नंबर नाही, माझ्याकडे फोटो नाही, पावती नाही. १९९६ला ही गाडी बंद झाली, मूळ ब्लॉकला आज गिऱ्हाईक तयार असतं. म्हणून नेमका ब्लॉकच बदलतात.

तेव्हा ब्लॉक देण्याआधी, जिथे मशीन फिरणार नाही अशा जागी सेंटर पंचने (हातोडीने ठोकायचं टोकदार हत्यार) दोन ठिपके मारा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. मूळ बोअर ५० मिमी. आधी बोअरिंग झालं असेल तर पिस्टनच्या माथ्यावर बहुतेक २५, ५० (म्हणजे ०.२५, ०.५० मिमी जास्त) असा आकडा असतो, तोही पंचच्या खुणेसकट पावतीवर लिहून घ्या. पावती आधी, पैसे नंतर. दुकानदार कुरकुरला तर ब्लॉक पिशवीत घालून सरळ निघा. जमलं तर अर्धा दिवस रजा टाका आणि काम होईपर्यंत मशीनपाशीच थांबा. मी ऑफिस बुडू नये म्हणून थांबलो नाही.

कुणी तुम्हाला आरएक्सचा जुना ब्लॉक विकायला दाखवला तर डावीकडची तिसरी फिन बघा. कोपरा तुटलेला असेल तर कृपा करून मला कळवा, पैसे देऊन परत घेईन.