रीसेट की नॉर्मलाइझ?

वरूडकडच्या संत्रा बागायतदाराची वेबसाइट करणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, एरिक मेयरचं रीसेट घेऊ का नॉर्मलाइझ?" दोन्ही तयार CSS फाइली, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या; प्रत्येक ब्राउझर मथळे, याद्या स्वतःच्या पद्धतीने दाखवतो, त्यावर या उपाय करतात.

मेयरच्या २०११ च्या आवृत्तीत सगळंच पुसलं जातं: मार्जिन-पॅडिंग (बाहेरची-आतली मोकळी जागा) शून्य, यादीचे ठिपके गायब, मथळाही साध्या मजकुराएवढा. ठळक शब्दसुद्धा ठळक राहत नाही. मग एकूणएक नियम आपणच लिहायचा. एखादा विसरला की संत्र्यांच्या दरांची यादी सपाट दिसते. नॉर्मलाइझ ठिपके, मथळे ठेवून ब्राउझरांमधले फरक तेवढे मिटवतं. फॉर्मच्या रकान्यांचा फॉन्टही बाकी पानासारखा होतो, हे मला फार मोलाचं वाटतं. वजन दोन्हींचं मोजके केबी, गावच्या रेंजलाही चालेल.

लेख, याद्या, फॉर्म असतील तर नॉर्मलाइझ घे, बाबू. बारीकसारीक डिझाइनही स्वतःच आखणार असशील तरच रीसेट.