फिरत्या तारांगणातील ‘तप्त वायू’ : जळगावचा प्रयोग

जळगावात हवेने फुगवलेल्या घुमटात दाखवला जाणारा दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड ताराप्रणालींच्या, समूहांवरील हा कार्यक्रम तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. ययाती (पर्सियस) या दीर्घिकासमूहातील कोट्यवधी अंश तापमानाचा वायू क्ष-किरणांवाटे सतत ऊर्जा गमावत असूनही केंद्रभागी भराभर निवून त्याचे तारे का होत नाहीत, हा प्रश्न निवेदकांनी घाई न करता उलगडला. या समूहाच्या मध्यभागी असलेल्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या झोतांनी फुगवलेले बुडबुडे आणि चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये जाहीर झालेल्या ध्वनिलहरींच्या वलयाकार खुणा पडद्यावर ठळक दिसल्या. मात्र वायूला तप्त ठेवणारी झोतांची ही ऊर्जा त्यात नेमकी कशी मुरते याबद्दल शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत, हे सांगायला हवे होते. आतला पंखा खानदेशातल्या मे महिन्यापुढे अगदीच तोकडा पडतो, त्यामुळे शक्यतो सकाळचाच खेळ गाठावा.