शॅडोहंटर्स की द मॅजिशियन्स?

मालवणात पावसात वीज गेली की मामेबहिणीचा प्रश्न ठरलेला: "दादा, या दोन इंग्रजी फँटसी मालिकांपैकी आधी कुठली बघू?"

'शॅडोहंटर्स' 3 सीझन, 55 भाग. 'द मॅजिशियन्स' 5 सीझन, 65 भाग. वेळेत फार फरक नाही. दोन्हींत आपल्या जगाआड जादूचं जग लपलेलं; खरा फरक त्या जगाचा. पहिलीत ते न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच आहे. नायिका क्लेरीला अठराव्या वाढदिवशी राक्षस दिसू लागतात. आमच्या आजीला वेशीवरचा राखणदार देवचार दिसायचा तसे, फक्त इथे रोटाचा नैवेद्य देऊन भागत नाही. संवाद मात्र कधीकधी अगदीच पोरकट.

दुसरीत जादू कॉलेजात शिकायची, बोटं दुखेस्तोवर हातांच्या मुद्रा घोटायच्या. त्यात नैराश्य, मृत्यू. मामीशेजारी बसून बघायची नव्हेच.

जेवता जेवता रोज एक भाग हवा तर शॅडोहंटर्स. रात्री एकटीने, हेडफोन लावून बघणार असशील तर मॅजिशियन्स.