पाटापोन: पहिला भाग घ्यावा की दुसरा?

सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्रावर 2007 च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘पाटापोन’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग आला, तेव्हा त्यातली कल्पनाच भन्नाट होती: सैन्याला हुकूम द्यायचा तो ढोल वाजवून. चौकोनाचं बटण म्हणजे पाटा, गोलाचं पोन. ‘पाटा पाटा पाटा पोन’ वाजवलं की फौज पुढे सरकते, ‘पोन पोन पाटा पोन’ला हल्ला. चार ठोके तुमचे, पुढचे चार त्यांच्या गाण्याचे. त्या वेळात हात आवरायचा. एक ठोका चुकला की रंगात आलेलं सैन्य थंड पडतं. नेमकं तेव्हाच समोरचा राक्षस पंजा उगारतो आणि पोटात गोळा येतो.

हा धाक पहिल्या भागात जास्त आहे. दुसऱ्यात वीर योद्धा मिळतो, तो पडला तरी काही वेळाने परततो. त्यामुळे लढाई सोपी वाटते, पण डावपेच वाढतात: पक्ष्यांवर बसलेले, जादू करणारे असे नवे सैनिक येतात. शिवाय सैनिक कुठल्या रूपात वाढवायचा हे तक्त्यावर पाहून ठरवता येतं. पहिल्यात तेच सामान पुन्हा पुन्हा गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो, ही त्याची खरी उणीव.

तरी मी म्हणेन, सुरुवात पहिल्यापासूनच करा. ताल अंगात तिथेच मुरतो. 2025 मध्ये दोन्ही भाग एकत्र, निन्टेंडोच्या स्विच या गेम-यंत्रावरही आलेत. हेडफोन मात्र वायरचाच लावा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ठोका हुकतो.